मेमधला खड्डा, जुलैमधला खड्डा : एका आळीच्या रस्त्याच्या प्रकल्प नोंदी

१४ मे

आज आळी पायी मोजली. देवळाच्या पायरीपासून शेवटच्या बेड्यापर्यंत, म्हणजे वाडीच्या फाटकापर्यंत, ४२० मीटर. अलिबाग-रेवदंडा रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला अशा आळ्या ओळीने आहेत: दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये डांबराची पट्टी, अधूनमधून शनिवार-रविवारी उघडणारे बंगले. डांबर ५.५ मीटर रुंद. गटार कुठेच नाही. डंपी (पातळी मोजायची दुर्बीण) लावून पाहिलं, तर ४२० मीटरमध्ये उतार जेमतेम २० सेंमी. म्हणजे पाणी वाहणार कमी आणि विचार करत बसणार जास्त.

ग्रामपंचायतीची मागणी सोपी आहे. पावसाळ्यात आळीत गुडघाभर पाणी साचतं, ते जिरवा. सरपंचबाईंचं म्हणणं, "पाणी बाहेर काढून समुद्राला कशाला द्यायचं? उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात. आळीचं पाणी आळीतच जिरू दे." मुद्दा बिनतोड. मलाही पटला.

१७ मे

जिरवण चाचणी. तीन जागी एक-एक मीटर खोल खड्डे घेतले. खाली पिवळसर बारीक वाळू, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट. पाणी भरलं की दोन मिनिटांत २५ मिमी उतरतंय. मजूर म्हणाला, "साहेब, ही जमीन नाही, चाळण आहे." तिसऱ्या खड्ड्याशेजारी आणखी खोल गेलो, तर १.९ मीटरवर करल लागली. वाळू आणि शिंपल्यांचा सांधून झालेला दगड, जुन्या वाड्यांच्या जोत्यांत दिसतो तोच. पहारीने फुटला. खाली पुन्हा वाळू. ३.२ मीटरवर पाणी.

हिशोब केला. रस्त्याचं क्षेत्र २,३१० चौरस मीटर. तासाला ५० मिमीची सर धरली आणि दहा टक्के सोडून दिले, तर तासाभरात सुमारे १०४ घनमीटर पाणी. १.२ मीटर व्यासाच्या, ३ मीटर खोल, भोकांच्या सिमेंट रिंगांचे १४ शोषखड्डे. एकेकात ३.४ घनमीटर, सगळे मिळून ४७. उरलेलं सर चालू असतानाच जिरेल, वाळू इतकी चांगली आहे.

हे सगळं जसंच्या तसं ठेवतोय. पुढे लागेल.

६ जून

चौदाही खड्डे पूर्ण. वर जाळीची झाकणं, तोंडाशी गाळ अडवायला छोटी टाकी. एक टँकर मागवून पाचव्या खड्ड्यात ओतला. पाऊण तासात खड्डा कोरडा. फोटो काढले गेले.

वाडीवाले नाना बेड्याशी उभे राहून पाहत होते. म्हणाले, "ही वाट नव्हतीच. ही पाण्याची पाणंद. आम्ही लहानपणी इथून शाळेत बांधावरून जायचो." मी मान हलवली. खरं तर ऐकलं नव्हतं.

२८ जून

पाऊस चांगला. खड्डे काम करतायत. पाणी उभं राहिलं तरी अर्ध्या तासात जातं. ग्रामपंचायतीत चहा झाला.

१० जुलै

खड्डा क्र. ९ रिकामा व्हायला रात्रभर लागली. गाळ असेल म्हणून उपसायला सांगितला. तळाशी बोटभर लालसर गाळ निघाला, जांभ्याच्या भुकटीचा. पलीकडे चिऱ्यांचं कुंपण घालण्याचं काम चाललंय, तिथून वाहून आलेला. गाळ काढला. पाणी मात्र तेवढंच राहिलं, आणि उपसलं की परत येत होतं. तळातून.

हे लक्षात यायला मला पूर्ण दुपार लागली याची लाज वाटते.

२३ जुलै

सकाळी सहाला फोन. आळी भरली. गेलो तेव्हा झाकणांच्या जाळ्यांतून पाणी वर येत होतं, खाली जात नव्हतं. चौदा खड्डे म्हणजे चौदा विहिरी झाल्या होत्या. कडेला बसून हात घातला, तर पाणी गार आणि नितळ. रस्त्याचं गढूळ पाणी नव्हे, जमिनीचं.

पौर्णिमा परवा झाली, आज द्वितीया. इथली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या आसपास पाणी पूर्ण भरणार, आणि तेही उधाणाचं. उत्तरेच्या वहाळाची उघाडी, म्हणजे समुद्राकडे उघडणारं झडपेचं दार, भरतीच्या दाबाने त्याच्या आधीच मिटते आणि ओहोटी लागेपर्यंत उघडत नाही. वहाळ तुंबलेला, जमीन भरलेली, वर आभाळ. पाण्याला जायला चौथी दिशा नाही.

त्याच दुपारी एका बंगल्यात वेगळाच प्रकार. त्यांनी आदल्या दिवशी शौचालयाची प्लास्टिकची तयार टाकी उपसून घेतली होती. रिकामी टाकी रात्रीत जमिनीतून हातभर वर आली, वरची फरशी उचलून. मालक मला विचारतात, टाकी फुगली का? फुगली नाही, तरंगली. भोवतीच्या वाळूत काठोकाठ पाणी आहे आणि मध्ये हवेने भरलेला डबा. होडीच ती.

२४ जुलै

काल रात्री बसून मे महिन्याची वही काढली. चूक चाचणीत नाही, चाचणीच्या तारखेत आहे. मी मेमध्ये वाळू किती वेगाने पिते ते मोजलं. तिला किती प्यायला जागा उरणार ते मोजलंच नाही.

आज पाणी रस्त्याच्या कडेपासून सरासरी ०.७ मीटर खाली आहे. मग ३ मीटरच्या खड्ड्यात मोकळी जागा फक्त वरची ०.७ मीटर. ३.४ घनमीटरचे ०.८ झाले. चौदांचे मिळून ११. तासाभराच्या सरीला १०४ हवेत.

नियम माहीत नव्हते असंही नाही. ब्रिटनमधल्या सस्टेनेबल ड्रेनेजच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे, की जिरवण्याच्या रचनेचा तळ आणि भूजलाची वर्षातली सर्वांत उंच पातळी यांत निदान १ मीटर कोरडी जमीन हवी. आपल्या केंद्रीय भूजल मंडळाचे पुनर्भरणाचे आराखडेसुद्धा पावसाळ्यानंतर पाणी ३ मीटरपेक्षा वर असलेली जमीन मोजणीत धरत नाहीत, वरची ती पट्टी मोकळी सोडतात. मी हे वाचलं होतं. फक्त "सर्वांत उंच" या दोन शब्दांवरून पुढे गेलो, कारण समोर मेमधला कोरडा खड्डा होता आणि त्यात टँकर पाऊण तासात जिरत होता.

२७ जुलै

आता मोजायला लागलो. आळीत चार नळ्या बसवल्या: ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप, खालच्या मीटरभर भागाला करवतीच्या चिरा, वर मच्छरदाणीचं कापड दोन फेर, मग जमिनीत. पातळी मोजायला साधन घरचं. मोजपट्टीच्या टोकाला छोटी स्टीलची वाटी उपडी बांधली. नळीत सोडली की पाण्याला लागताच 'डुबुक' असा आवाज येतो. दोनदा-तीनदा वरखाली करायचं, आवाज नेमका कुठे येतो तिथे बोट धरायचं. सेंटिमीटरपर्यंत बरोबर येतं. नानांची नात दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगली मोजायला लागली, तिला वही दिली आहे.

सगळ्या पातळ्या देवळाच्या पायरीवरून धरल्या, म्हणजे वाद नको.

९ ऑगस्ट

नळ्यांचे आकडे आणि माझ्या डब्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी मांडले. एका दिवसात ९६ मिमी पाऊस झाला, नळी क्र. २ मध्ये पाणी ४१ सेंमीने चढलं. पहिल्यांदा वाटलं की रस्त्याचं पाणी खड्ड्यांतून आत गेलं म्हणून. पण खड्ड्यांपासून लांब, वाडीच्या मध्यात असलेल्या नळी क्र. ३ मध्येही ३९ चढलं.

सरळ आहे. बारीक वाळूच्या एकूण घनफळाचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा, पाण्याने भरतो आणि रिकामा होतो. म्हणजे १०० मिमी पाऊस नुसता वाडीवर पडला तरी पाण्याची पातळी अर्धा मीटर चढणार. रस्त्याने काही द्यायच्या आधीच आभाळाने जमीन भरलेली असते. मी रस्त्याच्या २,३१० चौरस मीटरचा हिशोब करत बसलो होतो आणि भोवतीच्या एकरांवर पडणारा पाऊस कागदावर नव्हताच.

नळी क्र. ४ समुद्रापासून सगळ्यांत जवळ. तिच्यात भरती-ओहोटीबरोबर ३-४ सेंमीची चढउतर दिसते. देवळाजवळच्या नळीत काहीच नाही. भरती विहिरी वर उचलते ही आळीतली समजूत तेवढ्या टोकापुरती खरी.

१२ ऑगस्ट

पाण्याचे नमुने. परवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक तपासणीच्या बाटल्यांची पेटी घेऊन आला. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर बाटली काळी पडते. पाच विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दोन बाटल्या काळ्या. त्यातली एक विहीर खड्डा क्र. ६ पासून १२ मीटरवर.

माझ्या खड्ड्यानेच ती बिघडवली असं छातीठोक म्हणता येत नाही. त्याच विहिरीपासून ९ मीटरवर शौचालयाचा खड्डा आहे आणि तोही जुलैत पाण्यातच उभा होता. पण गाड्यांचं तेल, शेण, कुत्र्यांची घाण असलेलं रस्त्याचं पाणी मी वाळूचा एक थरही न ओलांडू देता थेट भूजलात सोडायचा नळ बसवून दिला होता, हे खरंच आहे. जमीन पाणी गाळते ती वरच्या कोरड्या, मुळांच्या थरात. पाण्यात उघडणारा खड्डा काही गाळत नाही. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घेतलं. सहावा आणि सातवा खड्डा बंद केला.

३ ऑक्टोबर

पाऊस गेला. ग्रामपंचायतीत बैठक. मी उठून सांगितलं की खड्डे माझ्या हिशोबाने चुकले. कुणी ओरडलं नाही, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एक काका म्हणाले, "मग आता काँक्रीटचं गटार करा आणि विषय संपवा."

गटाराचा विचार केला नाही असं नाही. पण ६०-७० सेंमी खोल बंदिस्त गटाराचा तळ जुलैत पाण्याखाली असणार, म्हणजे त्यात पावसाच्या आधीच पाणी उभं. छिद्रांचा पाईप खाली टाकू, ही दुसरी सूचना. तो तर पाण्याच्या पातळीखाली घातला की रात्रंदिवस विहिरी उपसणारा पंपच. जूनमध्येही उपसेल, सप्टेंबरमध्येही. मार्चपर्यंत विहिरी मचूळ. तिसरी सूचना पाणी झिरपणाऱ्या पेव्हरची. त्याखालच्या खडीत पाणी साठवायचं असतं, आणि आपल्याकडे खडीच्या जागी आधीच भूजल. शिवाय आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) म्हणतं की सबग्रेडचा, म्हणजे रस्त्याखालच्या दाबलेल्या मातीच्या थराचा, तळ पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा निदान ०.६ मीटर वर हवा. आत्ताच्या रस्त्याला तेवढं मिळत नाही, म्हणूनच दर पावसाळ्यात चाकांच्या रेषेत डांबर बसतं. त्यात आणखी पाणी मुरवणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर गोणी ठेवणं.

खोल जाता येत नाही. मग रुंद जायचं.

२० ऑक्टोबर

नवीन आखणी. पूर्वेच्या कडेने एक उथळ गवती चर. वर १.८ मीटर रुंद, तळाशी ०.६, खोली फक्त ३० सेंमी. गायसुद्धा सहज ओलांडेल असा. रस्त्याची पाठ एका बाजूला कलती करायची, म्हणजे सगळं पाणी कडेवरून चादरीसारखं चरात उतरेल, तोंड नाही, जाळी नाही. नळ्या बसवल्यानंतरच्या सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत खालच्या टोकाला पाणी रस्त्याच्या कडेपासून ४८ सेंमी खाली होतं. चराचा तळ त्याच्या १८ सेंमी वर राहतो. एक मीटरचा नियम इथे पाळता येत नाही. जून, सप्टेंबर आणि जुलैच्या उघडिपीत मात्र तळाखाली जास्त कोरडी वाळू राहते, आणि त्या काळातल्या सरींचं पाणी मुळांमधून गाळून खाली जाईल.

जुलैच्या भरलेल्या दिवसांसाठी जिरवणीच्या भरवशावर राहायचंच नाही. पाणी वाहून जायला वाट हवी. गवत धरूनही हा चर पूर्ण भरला की सेकंदाला ५० लिटरच्या आसपास वाहतो, आणि ५० मिमीच्या सरीत रस्ता २९ लिटर देतो. इतक्या कमी उतारावर एवढं पुष्कळ. प्रश्न पुढचा: चर सोडायचा कुठे?

२ नोव्हेंबर

नानांकडे गेलो. त्यांच्या वाडीच्या उत्तर टोकाला जुनं तळं आहे, तिथून पाट वहाळाला मिळतो. तो पाट मध्येच एका बंगल्याच्या भरावाखाली गेला आहे. आधी पाणी असंच जायचं. पाणंद. जूनमध्ये त्यांनी हेच सांगितलं होतं.

नाना वाडीतून ६० मीटरची पट्टी द्यायला तयार आहेत, एका अटीवर: पाणी आधी त्यांच्या तळ्यात, मग वहाळात. शिंपण्याला उपयोग. अट आमच्याच फायद्याची, तळ्यात गाळ बसेल. भरावाखालून वाट काढायला बंगलेवाल्यांशी तीन बैठका झाल्या, त्या इथे लिहीत नाही.

१८ जानेवारी

चर खोदून झाला. नऊ गेटांसमोर पाईप घालायचे नाहीत असं ठरवलं. ३० सेंमीच्या चरात पाईप घातला तर वर झाकण राहत नाही, आणि पाईप नारळाच्या एका झावळीने तुंबतो. त्याऐवजी चरच गेटसमोर पसरट खोलगट करून जांभ्याचे चिरे बसवले. गाडी खाली जाऊन वर येते. एका पाहुण्याची बुटकी गाडी घासली, त्याबद्दल मला तक्रार आली. दोन चिरे उतरवून पुन्हा बसवले.

जुन्या खड्ड्यांपैकी दहा वाळूने भरून टाकले, वरच्या रिंगा काढून. दोन मोजणीसाठी ठेवले, झाकण सिमेंटने पक्कं. सहावा-सातवा बंदच होते, त्यांतही वाळू.

११ फेब्रुवारी

चरातलं पाणी तळ्याकडे सोडणाऱ्या सांडव्याची उंची ठरेना. खाली ठेवला तर जुलैत पाणी लवकर निघतं, पण सप्टेंबरच्या शेवटच्या सरी फुकट जातात, आणि विहिरींना त्याच हव्यात. वर ठेवला तर उलट.

उत्तर सुचलं ते आजोळच्या आठवणीतून. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पूर गेल्यावर बरगे (फळ्या) घालतात आणि पावसाआधी काढतात. इथेही तेच, लहान मापात. सांडव्याच्या दोन बाजूंना खाच, त्यात १० सेंमी उंचीची सागाची फळी. फळी काढली की चर १५ सेंमी भरताच पाणी तळ्याकडे निघतं. फळी घातली की २५ सेंमीपर्यंत थांबतं. जूनमध्ये आत, नळी क्र. २ चं पाणी जमिनीखाली एक मीटरच्या आत आलं की बाहेर, सप्टेंबरमध्ये खाली गेलं की परत आत. तारखेवर नाही, वाटीच्या आवाजावर. नानांच्या नातीला हे मी समजावण्याआधी समजलं होतं.

१९ जून

गवत धरलं, निम्म्या लांबीत दूर्वा आणि निम्म्यात जे आलं ते. शनिवारी पाच गाड्या चरात उभ्या होत्या. चाकांखालची वाळू दबून तिथे पाणी तासभर उभं राहिलं, बाकी चर वीस मिनिटांत कोरडा. कडेला गुडघाभर उंचीचे चिरे उभे करायला सांगितले.

२५ जुलै

कसोटीचा दिवस. काल अमावास्या, आज उधाण, भरती पाऊण वाजता. कालपासून डब्यात ११२ मिमी. सकाळी नळी क्र. २ मध्ये ०.५१. गेल्या वर्षी मोजलेल्या सर्वांत वाईट दिवसाच्या जवळपास तेवढंच. फळी नऊ जुलैलाच काढलेली आहे.

साडेअकरा ते अडीच उघाडी बंद. वहाळ फुगला, तळं काठापर्यंत आलं, चरातलं पाणी जवळजवळ थांबलं. रस्त्यावर देवळाच्या टोकाला घोट्याएवढं पाणी चढलं, पंचवीस मीटर लांबीत. छत्री धरून तिथेच उभा राहिलो. तीनला तळ्याकडच्या पाटात एक पिवळं पान हळूहळू सरकायला लागलं. सव्वाचारला रस्ता उघडा.

एका काकूंनी दारातून विचारलं, "जिरलं का हो पाणी?" म्हटलं, जिरलं नाही, गेलं.

१४ ऑगस्ट

बाटल्या पुन्हा. पाचपैकी एक काळी, तीच शौचालयाजवळची. खड्डा क्र. ६ तर जानेवारीतच बुजवला. आता त्या विहिरीचा संशय माझ्यावर नाही, एवढं समाधान. शौचालयाचा खड्डा हलवायला घरच्यांना सांगितलं आहे.

१५ सप्टेंबर

नळी क्र. २: १.०८. फळी घालायची वेळ. ग्रामपंचायतीच्या खोलीत फळी नाही. देवळात नाही. नानांच्या पडवीत नाही. दुपारी सापडली: सार्वजनिक गणपतीच्या मंडपात पायरी म्हणून ठोकली होती, मंडप उतरवला तशी ती बांबूंबरोबर मंडपवाल्याच्या टेम्पोत गेली. संध्याकाळी आणली. चार खिळे निघाले, एक आतच मोडला. खाचेत जरा घट्ट बसते. आभाळ आलं आहे. नातीने वहीत लिहिलं, "फळी घातली, ६.१०."